दुकानं बंद झाली म्हणजे दारू सुटली असं नाही

करोनाच्या लॉकडाऊनमध्ये दारूची दुकानं बंद होती तेव्हा मेसेजमध्ये फिरून फिरून तेच प्रश्न येत होते, म्हणून सगळ्यांना एकत्रच दिलेलं हे उत्तर. ज्यांच्या घरी दारू थांबल्यामुळे आत्ता कोणाचे हात थरथरतायत त्यांनी बाकी सोडून दुसरं उत्तर आधी वाचा.

प्रश्न : रोज दोन पेग घेतले की घशातला करोना मरतो म्हणतात. खरं का?

नाही. सॅनिटायझर हातावर चालतं, घशात नाही, आणि जास्त दारूने प्रतिकारशक्ती उलट कमीच होते. 2020च्या सुरुवातीला इराणमध्ये ह्याच अफवेपायी मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल असलेली दारू पिऊन शेकडो माणसं गेली, कित्येकांचे डोळे गेले. असे मेसेज पुढे पाठवणं बंद करा.

प्रश्न : मिस्टर 15 वर्षं रोज पितात. लॉकडाऊनमुळे दारू मिळेना, आयतीच सुटली म्हणून आम्हाला बरं वाटलं. आता दोन दिवस झोप नाही, हात थरथरतात, घाम येतो. सासूबाई म्हणतात नाटकं आहेत, खोलीत राहू दे चार दिवस. काय करू?

ताई, आधी डॉक्टरांना फोन लावा, मग पुढचं वाचा.

हे नाटक नाही. दारू मेंदूला शांत करते, म्हणून रोज पिणाऱ्याचा मेंदू तिच्याशी झगडत कायम जास्त जोरात चालायला लागतो, आणि एका दिवसात दारू काढून घेतली की तो जोर तसाच राहतो पण आवरणारं काही उरत नाही. शेवटच्या पेगनंतर 6 ते 24 तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते, पहिल्या 48 तासांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना डिलिरियम होतो, म्हणजे दिवस की रात्र कळत नाही, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो, बीपी वाढतं. उपचार झाले नाहीत तर ह्यात माणूस जातो. व्यसन सोडताना जातो, हे लोकांना पटतच नाही!

मागे एका घरातून रात्री फोन आला, "डॉक्टर, हे चादरीवरच्या मुंग्या वेचतायत, पण चादरीवर एकही मुंगी नाहीये." तिसरा दिवस होता. ताप आणि घाम बघून घरच्यांना करोना वाटला, म्हणून खोलीचं दार ओढून घेतलेलं, ताट दाराशी ठेवायचे आणि तसंच उचलून न्यायचे. दोन दिवस त्यात गेले. ते वाचले, पण थोडक्यात.

दारू कधी थांबली हे डॉक्टरांना तासांत सांगा, रोज किती प्यायचे ते न लपवता सांगा. ह्यावर गोळ्या असतात, त्या मोजून देतात आणि हळूहळू कमी करतात, सोबत थायमिन म्हणजे बी1 देतात, तेही ग्लुकोजच्या आधी, त्यामुळे ओळखीच्या कोणाकडून घरी ग्लुकोजचं वगैरे सलाईन लावून घेऊ नका. थोडी थोडी दारू देत कमी करू का, हेही मनाने ठरवू नका. फिट, बरळणं, ताप, न थांबणाऱ्या उलट्या, ह्यातलं एक जरी दिसलं तर सरळ हॉस्पिटल गाठा. करोनाच्या भीतीने घरी थांबू नका, टेस्ट तिथे होईल.

प्रश्न : जेवणात न सांगता टाकायची पावडर ऑनलाइन मिळते, दारू सुटते म्हणे. भावाला देऊ का?

अजिबात नाही. आत काय आहे हे तुम्हालाच माहीत नाही आणि ते तुम्ही भावाच्या पोटात घालणार? त्यात डायसल्फिराम, म्हणजे दारू अंगाला सोसू न देणारं औषध, असेल आणि त्यावर तो प्यायला, तर चेहरा लालबुंद, धडधड, उलट्या, बीपी धाडकन खाली, हृदयाचा त्रास असेल तर जीवावर बेततं. हे औषध खरं आहे, आम्हीही देतो, पण तपासून आणि पेशंटला सांगून, त्याच्या मर्जीने. घाबरलेल्या घरांना "गॅरंटी" विकणाऱ्यांची मला मनापासून चीड येते. आणि जे रीतसर ही गोळी घेतायत त्यांनी सॅनिटायझर वापरण्याबद्दल डॉक्टरांना विचारा, त्यातही अल्कोहोल असतं, साबण-पाणी बरं.

प्रश्न : 11 महिने प्यायलो नाही. दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंग बंद झाल्यात, घरी एकटाच असतो, संध्याकाळ झाली की तलफ येते.

11 महिने ही मोठी कमाई आहे आणि ती जपायला माणसं लागतात. अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही दारू सोडणाऱ्यांची संघटना 1935 पासून माणसांना एकत्र बसवतेय, त्यांच्या मीटिंग व्हिडिओ कॉलवरही होतात, कॅमेरा चालू ठेवून बसा. माझा एक पेशंट मीटिंगच्या वेळेला अजूनही कपडे बदलतो, बूट घालतो आणि मग फोनसमोर बसतो. तलफ बहुतेक वेळा अर्ध्या तासात उतरते, तेवढा वेळ कोणाला तरी फोन करा. भूक लागलीय का, राग आलाय का, दमलायत का तेही बघा. रोजच तलफ येत असेल किंवा जगावंसं वाटत नसेल तर थांबू नका, डॉक्टरांशी बोला. चुकून प्यायलात तरी लपवू नका, त्याच दिवशी सांगा.

प्रश्न : सिगारेट ओढणाऱ्यांना करोना कमी होतो असं वाचलं.

चुकीचं वाचलंत. ओढणाऱ्यांना आजार जास्त गंभीर होतो.

प्रश्न : दारू सोडून तीन आठवडे झाले, झोप येत नाही. आईच्या झोपेच्या गोळ्या घेऊ का?

नको. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांची सवय दारूसारखीच लागते, आणि वर दारू झाली तर श्वास मंदावतो. सोडल्यावर काही आठवडे झोप बिघडलेली असणं नेहमीचं आहे. उठायची वेळ एकच ठेवा, दुपारी झोपू नका, आणि गोळी लागेल की नाही ते तुमच्या डॉक्टरांना ठरवू द्या. आईने मात्र तिच्या गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत, तिलाही विचारूनच.

प्रश्न : सगळं सुरळीत झालं की भेटायला येऊ का?

नाही, आज फोन करा. बऱ्याच गोष्टी व्हिडिओवर होतात, भेटणं गरजेचं असेल तर मीच सांगेन.