मुलाखतीत छपाईचं नाव काढू की नको?

‘स्वतःचा व्यवसाय करायचाय’ असं एमबीएच्या मुलाखतीत सांगितलं तर पत्ता कट होईल, ही धास्ती कला शाखेतली मुलं माझ्याकडे हमखास घेऊन येतात. बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणारी एक मुलगी तशीच आली. एम. एस. युनिव्हर्सिटीच्या फाइन आर्ट्समधून पदवी घेतलेली. सागवानी ठसे पेथापूरच्या कारागिराकडून करून आणायची, गच्चीवर उशांचे अभ्रे छापायची आणि इन्स्टाग्रामवर विकायची. क्लासमध्ये तिला सांगितलं होतं, “छपाईचं नाव काढू नकोस, मार्केटिंग मॅनेजर व्हायचंय म्हण.” ते उत्तर तिने पाठही केलं होतं. मला म्हणून दाखवलं, पण त्यात जीव नव्हता. पॅनेलवरची माणसं अशी उत्तरं दिवसभर ऐकतात. दुसऱ्याच प्रश्नाला ती अडखळली असती, आणि तिच्यासारख्या मेहनती मुलीचं असं व्हावं याचं मला फार वाईट वाटलं असतं.

मी तिला ऑर्डरची वही आणायला सांगितली.

एक अभ्रा 450 रुपयांना. कापड 120, रंग 40, शिलाई 60, पॅकिंग आणि कुरियर 70. हाती उरतात 160, आणि तिची स्वतःची मजुरी कुठेच धरलेली नाही. एका पानावर एका हॉटेलची 200 अभ्र्यांची मागणी होती, त्यावर काट मारलेली.

“ही का नाही घेतलीस?”

“ते 60 दिवसांनी पैसे देणार होते, मॅडम. नुसत्या कापडालाच 24 हजार लागत होते. कुठून आणणार?”

मी म्हटलं, मुलाखतीत हेच पान सांग. खेळतं भांडवल कसं उभं करायचं, उधारी कुठवर द्यायची, घाऊक दर कसा लावायचा हे तुला अजून येत नाही आणि तेच शिकायला तू चालली आहेस. कलेच्या ओढीबद्दल दहा वाक्यं बोलण्यापेक्षा हा एक फसलेला सौदा पॅनेलला जास्त पटेल.

पुढच्या खेपेला वडीलही आले. त्यांची काळजी फीची होती, आणि ती रास्तच होती. आयआयएम अहमदाबादची दोन वर्षांची फी 25 लाखांच्या पुढे आहे. 20 लाखांचं कर्ज 9 टक्के व्याजाने 10 वर्षांसाठी घेतलं, तर महिन्याचा हप्ता 25 हजारांवर जातो. गच्चीवरच्या छपाईतून तो निघणार नाही. म्हणून आधी होम फर्निशिंगच्या एखाद्या कंपनीत खरेदी विभागात दोन-तीन वर्षं नोकरी, हप्ते फेडणं, गिरण्या आणि घाऊक ग्राहक ओळखीचे करून घेणं, आणि मग स्वतःचं, असं आम्ही तिघांनी बसून ठरवलं. “धंदा चालला नाही तर काय?” हा प्रश्न मुलाखतीत येतोच. त्याला तिच्याकडे आता खरं उत्तर आहे.

तरी ज्यांना थेट धंद्यातच उतरायचंय, त्यांनी फक्त आयआयएमच्या मागे लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. अहमदाबादजवळ भाटला ईडीआयआय ही संस्था 1983 पासून उद्योजकताच शिकवते. कुठेही अर्ज करण्याआधी तिथल्या माजी विद्यार्थ्यांशी बोला, कॅम्पसवर इन्क्युबेशनची, म्हणजे नव्या धंद्याला सुरुवातीला जागा आणि मार्गदर्शन देण्याची, सोय आहे का ते विचारा, आणि प्लेसमेंट पुढे ढकलता येते का, म्हणजे आधी धंदा करून पाहिला आणि तो जमला नाही तर नंतर कॅम्पसवरून नोकरी घेता येते का, हेही विचारा. काही संस्था तशी मुभा देतात.

तिने कॅटचा, म्हणजे एमबीएच्या प्रवेशपरीक्षेचा, अर्ज भरलाय. त्या हॉटेललाही पुन्हा लिहिलंय: 50 अभ्रे, निम्मी रक्कम आगाऊ.