ध्वनीची भिंत, स्वनातीत आणि मॅक

प्रश्न असा आहे: 'विमानाने ध्वनीची भिंत फोडली आणि त्याच क्षणी कानठळ्या बसवणारा आवाज झाला' अशी वाक्ये बातम्यांत येतात. यातली भिंत कसली? 'फोडली' म्हणावे की 'ओलांडली'? सुपरसॉनिकला, म्हणजे ध्वनीहून जलद जाणाऱ्याला, मराठीत स्वनातीत म्हणावे, ध्वन्यातीत म्हणावे की श्राव्यातीत? आणि जाता जाता, 'मॅक २' की '२ मॅक'?

श्राव्यातीत आधी बाजूला काढू. शब्द चांगला आहे, पण तो दुसऱ्याच गोष्टीचा आहे. माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्‌झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. त्याहून जास्त वारंवारतेचा ध्वनी तो श्राव्यातीत. वटवाघळाची शिकारीची साद श्राव्यातीत, सोनोग्राफीतले तरंग श्राव्यातीत. पण वटवाघळाची ती साद हवेतून धावते आपल्या बोलण्याच्याच वेगाने. सुपरसॉनिक हे विशेषण वेगाचे आहे. वारंवारतेशी त्याचा संबंध नाही आणि ऐकू येण्या-न येण्याशी तर मुळीच नाही; असली विमाने भयंकर गोंगाट करतात.

हा गोंधळ फक्त मराठीचा नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत इंग्रजीत 'सुपरसॉनिक' हा शब्द कानापलीकडच्या ध्वनीलाच लावत. जुन्या रेडिओच्या 'सुपरहेट' या नावातला 'सुपर' तिथलाच: आत तयार केलेली मधली वारंवारता श्रवणमर्यादेच्या वर असते, म्हणून 'सुपरसॉनिक हेटरोडाइन'. पुढे विमाने ध्वनीच्या वेगाला भिडायला लागली, तसा 'सुपरसॉनिक' वेगाकडे गेला आणि कानापलीकडच्या ध्वनीसाठी 'अल्ट्रासॉनिक' रूढ झाला. मराठीत दोन वेगळे शब्द आयते असताना ते एकमेकांत मिसळायचे कारण नाही.

आता ध्वन्यातीत. याची संधी चुकते. ध्वनि + अतीत यात इ-पुढे अ आल्यावर य् होतो, जसे अति + अंत = अत्यंत. त्यामुळे रूप व्हायला हवे ध्वन्यतीत. 'ध्वन्यातीत'मधला आ आला तो कालातीत, शब्दातीत, कल्पनातीत यांच्या चालीवर. पण काल आणि शब्द अकारान्त आहेत, कल्पना आकारान्त, म्हणून तिथे आ बरोबर बसतो. ध्वन्यतीत शुद्ध खरा, पण जिभेवर येत नाही. तो लिहून दाखवायचा शब्द आहे.

स्वनातीतला ही अडचण नाही. स्वन म्हणजे ध्वनीच. अमरकोशात ध्वनि, रव, नाद यांच्याच ओळीत तो बसलेला आहे. स्वन + अतीत = स्वनातीत, सरळ दीर्घसंधी. कुणी म्हणेल की भाषाविज्ञानात 'स्वन' उच्चारातल्या सुट्या ध्वनीला म्हणतात, स्वनिम त्यावरूनच. खरे आहे, पण भाषाविज्ञानाच्या पुस्तकात लढाऊ विमान शिरण्याचा संभव फार कमी, तेव्हा तक्रार नको.

एक आक्षेप मात्र मला विचार करण्याजोगा वाटतो. कालातीत म्हणजे काळाच्या पकडीत न येणारे, शब्दातीत म्हणजे शब्दांत न मावणारे. त्या न्यायाने स्वनातीत म्हणजे 'ध्वनीच्या पलीकडचे', म्हणजे निःशब्द, असा अर्थ कानाला लागू शकतो. त्यावर माझे म्हणणे असे, की अतीत हा मुळात गतीचाच शब्द आहे. 'इ' धातूचा अर्थ जाणे. अति + इत म्हणजे ओलांडून पुढे गेलेला. काळ, शब्द, कल्पना यांच्या बाबतीत ते पुढे जाणे लाक्षणिक आहे. इथे ते अक्षरशः घडते: विमान आपल्याच आवाजाच्या पुढे निघून जाते. वाच्यार्थ इतका चपखल बसणारे 'अतीत' मला दुसरे आठवत नाही.

विशेषण फक्त विमानाला लावायचे नाही, हेही लक्षात ठेवावे. स्वनातीत वेग, स्वनातीत प्रवाह, स्वनातीत वातविवर (विंड टनेल) असे सगळे चालते, आणि अभियंत्याच्या दृष्टीने यातला प्रवाह सर्वांत महत्त्वाचा. ध्वनीहून कमी वेगाने वाहणारी हवा निमुळत्या नळीत शिरली की वेग घेते, रुंद नळीत मंदावते. स्वनातीत हवेचे नेमके उलटे: निमुळत्या भागात ती मंदावते आणि रुंद भागात वेग घेते. रॉकेटचे नॉझल आधी अरुंद आणि मग घंटेसारखे पसरत गेलेले असते ते यामुळे. कॉन्कॉर्ड हे प्रवासी विमान मॅक २ ने, म्हणजे ध्वनीच्या दुप्पट वेगाने, उडत असे, पण त्याच्या इंजिनांना एवढ्या वेगाची हवा पचली नसती. म्हणून इंजिनाच्या पुढच्या प्रवेशमार्गात हलत्या पट्ट्यांनी आघाततरंग (शॉक वेव्ह, म्हणजे दाब एकदम चढवणारे तरंग) उभे करून हवेचा वेग मॅक ०.५ च्या आसपास आणला जाई. म्हणजे विमान स्वनातीत आणि त्याच्या पोटातली हवा अवस्वनी, म्हणजे ध्वनीहून मंद. याच्या उलट प्रकार साध्या प्रवासी जेटचा. ते मॅक ०.८५ च्या आसपास जाते, पण पंखाच्या फुगीर पाठीवरून जाणारी हवा त्याहून जलद असल्यामुळे तिथे ती ध्वनीचा वेग ओलांडते. एकाच पंखावर दोन्ही तऱ्हांचे प्रवाह एकदम नांदतात, त्या टप्प्याला इंग्रजीत ट्रान्सॉनिक म्हणतात. त्याला मी 'स्वनसमीप' म्हणेन. मॅक ५ च्या पुढच्या हायपरसॉनिकसाठी मात्र अतिस्वनातीत वगैरे करू नये. अतीतच्या आधी पुन्हा अति कशाला? हायपरसॉनिक आता वाचकांच्या ओळखीचा झाला आहे, तोच राहू द्या.

भिंतीचा जन्म याच स्वनसमीप टप्प्यातला. १९३५ मध्ये डब्ल्यू. एफ. हिल्टन या ब्रिटिश वायुगतिकी-तज्ज्ञाने एका पत्रकाराला आलेख दाखवत सांगितले, की ध्वनीच्या वेगाजवळ पंखाला हवेचा होणारा रोध एखाद्या अडसरासारखा वर उसळतो. म्हणजे अडसर होता तो कागदावरच्या रेषेचा. छापून आला 'ध्वनीचा अडथळा' आणि लोकांनी तो आकाशात नेऊन उभा केला. ती रेषा पूर्ण पाहिली तर चढानंतर उतारही दिसतो: रोधाचा गुणांक मॅक १ च्या आसपास शिखर गाठतो आणि पुढे कमी होऊ लागतो. भिंतीला उतार नसतो. शिवाय कोणतीही वस्तू ध्वनीपेक्षा जलद जाऊ शकत नाही, असे त्या काळीही जाणकार मानत नव्हते. बंदुकीच्या गोळ्या कितीतरी आधीपासून जात होत्या. प्रश्न होता माणूस आत बसलेल्या, वळवता येणाऱ्या यंत्राचा.

तरी 'भिंत' अगदीच पोकळ म्हणता येणार नाही. त्या काळच्या वैमानिकांना ती हातात जाणवत असे. पंखांवर आणि शेपटीवर आघाततरंग उभे राहिले की त्यांच्यामागचा प्रवाह विस्कटतो, विमान थरथरते, शेपटीवरची उच्चालके (नाक वर-खाली करणाऱ्या झडपा) हलवूनही नाक वर येत नाही. १४ ऑक्टोबर १९४७ रोजी अमेरिकन वैमानिक चक येगरने बेल एक्स-१ हे प्रायोगिक विमान मॅक १.०६ पर्यंत नेले, त्यात इंजिनाइतकाच वाटा शेपटीचा होता: तिचा सगळा आडवा पंखच फिरवता येत होता. विमानाचा आकारही अर्धा इंच व्यासाच्या गोळीवरून घेतलेला, कारण ती गोळी या वेगात स्थिर राहते हे ठाऊक होते. रोध कमी करण्यासाठी पंख मागे झुकवण्याची कल्पना आडोल्फ बुझमान यांनी १९३५ मध्येच मांडली होती. रिचर्ड व्हिटकॉम्ब यांनी १९५२ मध्ये दाखवले, की विमानाचा आडवा छेद नाकापासून शेपटीपर्यंत हळूहळू बदलला पाहिजे. पंख जिथे जोडले जातात तिथे धड आवळले की रोध घटतो. वायएफ-१०२ हे लढाऊ विमान सपाट उड्डाणात ध्वनीचा वेग गाठेना. कंबर आवळलेल्या सुधारित नमुन्याने १९५४ च्या डिसेंबरमध्ये तो ओलांडला. म्हणून मी 'अडथळा' ठेवीन, 'भिंत'ही ऐतिहासिक नाव म्हणून चालवून घेईन. क्रियापद मात्र 'ओलांडणे' हवे.

कारण 'फोडली' म्हटले की फुटण्याचा आवाज आलाच पाहिजे. सगळा गैरसमज त्या एका क्रियापदातून निघतो: वेग ध्वनीइतका झाला त्या क्षणी एकदा धडाम् झाले आणि मग सगळे शांत. असे होत नाही. विमानामुळे हवेत दाबाचे तरंग सतत उठत असतात. विमान त्यांच्याहून जलद निघाले की ते पुढे सरू शकत नाहीत, मागे एका शंकूच्या पृष्ठावर साचतात. होडीच्या नाकापासून मागे पसरत जाणारी पाण्याची दुरेघी लाट आठवा. ती होडीबरोबर चालतच राहते, काठावरच्या माणसाच्या पायाशी मात्र एकदाच आपटते. हा शंकू जमिनीवरून असाच सरकत जातो. ज्याच्यावरून जातो त्याला दणका एकदा ऐकू येतो, पण तो सगळ्या मार्गावरच्या लोकांना एकामागून एक ऐकू येत असतो. विमान स्वनातीत वेगाने तासभर उडाले, तर दणक्याचा पट्टा तासभर लांबत जाईल. आतल्या माणसांना तो ऐकू येतच नाही, कारण ती शंकूच्या टोकाशी असतात.

'त्याच क्षणी' हेही चुकीचे. मॅक २ ला शंकूचा विमानाच्या मार्गाशी होणारा कोन ३० अंशांचा. विमान १७ किलोमीटर उंचीवर असेल, तर हवेच्या तापमानातले फरक बाजूला ठेवून नुसत्या भूमितीने पाहता, खाली उभ्या असलेल्या माणसाच्या कानावर दणका येईपर्यंत ते सुमारे २९ किलोमीटर पुढे गेलेले असते. बऱ्याचदा दणके दोन येतात, धड्-धड् असे लागोपाठ: पुढचा आघाततरंग नाकाकडून, मागचा शेपटीकडून.

आणि सगळ्यात पक्का पुरावा म्हणजे, मर्यादा ओलांडूनही दणका जमिनीवर न येणे शक्य आहे. वर हवा थंड असल्याने तिथे ध्वनीचा वेग कमी, खाली उबदार हवेत जास्त. वेग फार पुढे नसेल, साधारण मॅक १.१५ च्या आत, तर खाली येणारे तरंग वाटेत वाकतात आणि जमिनीला न शिवता वर वळतात. २८ जानेवारी २०२५ रोजी बूम सुपरसॉनिक कंपनीचे एक्सबी-१ हे प्रायोगिक विमान मॅक १.१२ पर्यंत गेले आणि जमिनीपर्यंत दणका पोचला नाही, असे कंपनीने नंतर जाहीर केले. 'फोडली' म्हणणाऱ्याने आता हे वाक्य कसे लिहायचे?

छायाचित्रांत विमानाभोवती दिसणारा पांढरा ढगाचा शंकू दाखवूनही 'बघा, भिंत फुटली' म्हणतात. तो दाब आणि तापमान एकदम उतरल्याने बाष्पाचे जे बारीक जलबिंदू होतात त्यांचा असतो. दमट हवेत मॅक १ च्या थोडे खालीही तो दिसतो.

सॉनिक बूमला मी वर सहजपणे दणका म्हणत आलो, तोच शब्द सुचवतो. ध्वनिस्फोट नको, काहीच फुटत नाही. दणका कानाला लागतो आणि तावदानांनाही. १९६४ मध्ये ओक्लाहोमा सिटीवर सहा महिन्यांत असे १,२५३ दणके मुद्दाम देऊन लोक ते कितपत सोसतात हे पाहिले गेले. खिडक्या फुटल्याच्या तक्रारी आल्या आणि १९७३ मध्ये अमेरिकेने नागरी विमानांना जमिनीवरून स्वनातीत उड्डाण करण्यास बंदी घातली. कॉन्कॉर्डचा वेग समुद्रावरच का खुले, याचे उत्तर या दणक्यात आहे.

राहिला मॅक. नाव भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांचे. त्यांनी आणि पीटर झाल्खर यांनी धावत्या गोळीभोवतीच्या आघाततरंगांची छायाचित्रे १८८७ मध्ये प्रसिद्ध केली. जर्मन उच्चार माख, शेवटचा ख घशातून खरवडून. मराठीत माख, माक, मॅक आणि कधी कधी मॅचही दिसतो. 'मॅच' सोडावा. माणसाला माख म्हणावे, संख्येला रूढ झालेला मॅक चालेल. 'माख संख्या' हे नाव याकोब आकरेट यांनी १९२९ मध्ये दिले. माख १९१६ मध्येच वारले होते.

क्रम मात्र 'मॅक २' असाच. '२ मॅक' म्हटले की तो किलोमीटरसारखे एकक वाटतो आणि मग बातमीत '१ मॅक म्हणजे ताशी १,२२५ किलोमीटर' असे कोष्टक येते. मॅक हे गुणोत्तर आहे: वस्तूचा वेग भागिले तिथल्या हवेतला ध्वनीचा वेग. 'तिथल्या' हा शब्द इथे फार महत्त्वाचा. समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअसच्या हवेत ध्वनी ताशी सुमारे १,२२५ किलोमीटर जातो. ११ किलोमीटर उंचीवर, प्रमाण वातावरणात उणे ५६.५ अंशांना, तो १,०६२ वर येतो. हवा विरळ झाली म्हणून नाही, थंड झाली म्हणून. येगर त्या दिवशी ताशी सुमारे १,१२७ किलोमीटर वेगाने गेला. कोष्टकवाल्या पत्रकाराने हिशेब केला तर येगर मॅक ०.९२ वरच अडकेल आणि १९४७ चा विक्रम पुसला जाईल. तेव्हा बातमीत मॅक द्यावा, हवा तर त्या उंचीवरचा ताशी वेगही द्यावा. १,२२५ ने गुणून काढू नये.