धाक उरेल का?

प्रश्न : ताई, माझा मुलगा नववीत आहे. घटक चाचणीत गणितात २० पैकी ७ गुण पडले. उत्तरपत्रिकेवर माझी सही त्यानं स्वतःच ठोकली. बाईंचा फोन आला तेव्हा मला कळलं. त्याचा मित्र घरी आला होता, त्याच्यासमोरच मी त्याच्या कानाखाली वाजवली. दोन महिने झाले. माझ्याशी ‘हो’, ‘नाही’, ‘जेवलो’ एवढंच बोलतो. माझी गाडी दारात वाजली की उठून खोलीत जातो. बायको म्हणते, माफी मागा. बापानंच पोराची माफी मागितली, तर धाक उरेल का?
— एक वडील, सांगली जिल्हा

उत्तर : दादा, धाक आहेच. गाडी वाजली की तो उठतो, तो धाकच. अडचणीत सापडल्यावर तुमच्याकडे यावंसं वाटणं मात्र गेलंय, आणि माझ्या मते ते त्या थपडेच्याही आधी गेलं. सात गुण तुम्हाला दाखवण्यापेक्षा खोटी सही करणं त्याला सोपं वाटलं.

आवेग आवरणारा, परिणामांचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. चौदाव्या वर्षी घाबरून सही ठोकणं चूकच, पण ते वय तसं आहे. राग आवरायची जबाबदारी घरात ज्याचं वय झालंय त्याची. तुम्ही राग कसा हाताळता, हेच तो रोज शिकतोय.

माफी मागितली म्हणजे शिस्त सुटली असं नाही. डायना बॉमरिंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६०च्या दशकात पालकांच्या वागण्याचा अभ्यास केला. नुसता हुकूम चालवणारे पालक आणि नियम पाळायला लावतानाच मुलाचं ऐकूनही घेणारे पालक, असा फरक त्यांनी मांडला. दुसऱ्या प्रकारच्या पालकांची मुलं जास्त सावरलेली दिसली. तेव्हा सहीबद्दल त्यानं बाईंना स्वतः भेटून सांगायचं, हे ठामपणे सांगा. तेही माफीच्या दिवशी नको.

माझी मुलगी तेरा वर्षांची असताना मी तिची डायरी वाचली आणि जेवताना सगळ्यांसमोर त्यातलं बोलून गेले. माफी मागायला मला आठ दिवस लागले. ती नुसतं ‘बरं’ म्हणाली आणि पुढं महिनाभर डायरी दप्तरात घालून शाळेत नेत राहिली. ते बघणं फार जड गेलं. पण तिचं ते वागणं बरोबर होतं.

त्याला समोर बसवू नका. गाडीवर मागं घेऊन कुठंतरी निघा. डोळ्याला डोळा नसला की मुलांना सोपं जातं. म्हणा, ‘मित्रासमोर तुला मारलं, ते माझं चुकलं.’ पुढं ‘पण तूही...’ जोडू नका. ‘माफ केलंस ना?’ असंही विचारू नका. तो गप्प राहील. राहू द्या.

एक मात्र बघा. झोप, जेवण बिघडलं असेल, शाळा टाळत असेल किंवा ‘जगून काय करू’ असं काही बोलला, तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, तुम्हीसुद्धा त्यावर बोलू शकता.

आणि घरी आल्या आल्या गणिताचं विचारणं महिनाभर बंद ठेवा. गाडी लावा, हातपाय धुवा, चहा घ्या. तो खोलीतून कधी बाहेर येतो, ते त्याला ठरवू द्या.