हुरड्याला जा, ताई

प्रश्न : नमस्कार ताई. मी जुळे सोलापूरला राहते, वय 47, शाळेत शिकवते. दोन वर्षांत वजन 58 वरून 64 झालं, आणि सगळं पोटावरच. पाळी कधी वीस दिवसांत येते तर कधी दोन महिने नाही, रात्री घाम फुटून जाग येते. मोबाईलवर बघून दोन महिन्यांपासून डाएट करतेय, भाकरी बंद, भात बंद, शेंगा चटणी तर समोरच नको, रात्री फक्त सूप. पहाटे एकटीच तासभर चालते, एखाद दिवस चुकलं की दिवसभर स्वतःचा राग येतो. तीन किलो उतरलं होतं, त्यातलं दोन परत आलं. पुढच्या रविवारी दिरांच्या शेतात हुरडा आहे, मी येत नाही म्हणून सांगून टाकलं. परवा लेक म्हणाली, "आई, तू आता जेवताना हसतच नाहीस." तेव्हापासून काही सुचत नाहीये. माझं कुठं चुकतंय?

उत्तर : ताई, तुमच्या लेकीचं वाक्य मी तीनदा वाचलं. बाकी सगळ्या पत्रापेक्षा ते महत्त्वाचं आहे, त्यामुळे त्याच्यावर शेवटी येते, आधी शरीराचं बोलू.

हे आळसानं झालेलं नाही हे पहिलं मनाशी पक्कं करा. पाळी जायच्या आधीची काही वर्षं अशीच असतात, पाळीचं गणित बिघडतं, अंगातून गरम वाफा निघाल्यासारखं होतं, झोप मोडते, आणि इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी व्हायला लागलं की आधी मांड्यांवर, कमरेवर बसणारी चरबी पोटाकडे सरकते. त्यातच तिशीनंतर स्नायू दरवर्षी थोडेथोडे कमी होतच असतात. आता अशा वेळी तुम्ही एकदम अर्धपोटी राहिलात तर चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि जेवण पूर्ववत झालं की वजन परत येतं पण गेलेले स्नायू आपोआप परत येत नाहीत. तुमचे दोन किलो परत आले ते याच वाटेनं आले असणार, तुमचा निश्चय कच्चा होता म्हणून नाही. मी स्वतः 46 व्या वर्षी रात्रीचं जेवण सोडलं होतं, दीड महिन्यात जिना चढताना पाय थरथरायला लागले तेव्हा डोळे उघडले, म्हणून जरा तळमळीनं लिहितेय.

एकदा डॉक्टरांकडे जाऊन या. हिमोग्लोबिन, थायरॉईड, शुगर, बी12, डी जीवनसत्त्व आणि बीपी एवढं बघून घ्या, कारण थायरॉईड बिघडलं तरी असंच वजन वाढतं आणि असंच गळून गेल्यासारखं होतं, आपण मात्र सगळं वयावर ढकलतो. रक्तस्राव फार होत असेल, किंवा पाळी पूर्ण 12 महिने बंद राहून परत डाग दिसला, तर मात्र वाट बघायची नाही, लगेच दाखवायचं. घाम आणि झोपेचा त्रास फार असेल तर त्यावर उपचार असतात, सोसत बसायची गरज नाही, हेही त्यांच्याशी मोकळेपणानं बोला.

आता ताट. ज्वारी बंद कशाला केली ओ? आपल्या मंगळवेढ्याची मालदांडी लोक लांबून मागवतात आणि आपण सोलापुरात राहून ती सोडायची? एका मध्यम भाकरीत 5-6 ग्रॅम प्रोटीन असतं, वर चोथा भरपूर, पोट लवकर भरतं. तुमच्या वजनाला दिवसाला साधारण 52 ग्रॅम प्रोटीन लागतं आणि सूपवर ते कधीच होणार नाही. म्हणून कमी काय करायचं याच्या आधी वाढवायचं काय ते बघा, वाटीभर घट्ट वरण किंवा पिठलं, मोड आलेली मटकी, दही, खात असाल तर एक-दोन अंडी, शेजारी पालेभाजी. शेंगा चटणीचं म्हणाल तर शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला 25 ग्रॅम प्रोटीन असतं पण तेल त्याच्या जवळजवळ दुप्पट, त्यामुळे ताटात दोन चमचे वाढून घ्यायची आणि डबा परत फडताळात ठेवायचा. डबा समोर राहिला की हात जातोच, आपण सोलापूरकर आहोत. भातही अर्धी वाटी खा, काही होत नाही. गोड आणि तळलेलं रोजचं असेल तर ते कधीतरीवर आणा, एवढंच.

व्यायामाबद्दल जागतिक आरोग्य संघटना सांगते की आठवड्याला 150 ते 300 मिनिटं जरा दम लागेल असं चालावं आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम करावा. दम किती? चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा. म्हणजे रोज तासभर हवंच असं नाही, पाच दिवस अर्धा अर्धा तास झाला तरी 150 भरतात, आणि मधे एखादा दिवस चुकला तर चुकला. ताकदीचं मात्र तुमच्याकडे काहीच नाही, आणि या वयात खरी गरज त्याचीच आहे, कारण पाळी गेल्यावर हाडंही भराभर ठिसूळ व्हायला लागतात. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, भिंतीला हात लावून दहा वेळा स्वतःला ढकला, एवढ्यानं सुरुवात करा, मग हळूहळू वाढवा. वजनकाटा महिनाभर कपाटात ठेवा, त्याऐवजी पोटाला टेप लावा, बायकांना 80 सेंटीमीटरच्या आत कंबर असणं चांगलं. आणि पंधरा दिवसांनी बघा, जिना चढताना काय वाटतं, खुर्चीतून उठताना गुडघ्याला हात लावावा लागतो का.

आमच्या शेजारी एक तेलुगू अक्का आहेत, वय 71. उन्ह उतरलं की दोन मैत्रिणी घेऊन सिद्धेश्वर तलावाकडे चालत जातात, कट्ट्यावर टेकतात, पदरात भाजलेल्या शेंगा, एकीचं बोलणं तेलुगूत, दुसरीचं कन्नडमध्ये, तिसरीचं मराठीत, आणि हसणं तिघींचं लांबून ऐकू येतं. मग शेंगांची टरफलं गोळा करून पिशवीत भरतात आणि अक्का जमिनीला हात न लावता उभ्या राहतात. मी हे मुद्दाम बघते रोज. त्यांना डाएट हा शब्द माहीत नाही, पण एकही दिवस चुकवत नाहीत कारण दोघीजणी वाट बघत असतात.

तुम्ही पहाटे एकट्या, अंधारात, चिडून चालता आणि मग त्याचाही धसका घेता. त्यापेक्षा लेकीला संध्याकाळी बरोबर घ्या, तिलाही दिवसभराचं काही सांगायचं असेल. एप्रिल-मेमध्ये मात्र वेळ पहाटेचीच धरा, आपल्याकडं त्या दिवसांत आठ वाजताचं उन्हही सहन होत नाही.

आणि रविवारी हुरड्याला जा. दिरांना आजच फोन करा. आगटीजवळ बसा, गरम कणसं हातावर चोळा, हुरडा म्हणजे कोवळी ज्वारीच आहे, बरोबर दही आणि थोडी चटणी, शेव-रेवड्या जरा कमी घ्या. जेवण झालं की बांधाबांधानं सगळ्यांबरोबर एक चक्कर मारा. लेकीच्या शेजारी बसून खा.

प्रश्न : वय 52, कापड दुकानात दिवसभर गल्ल्यावर बसून काम. शुगरची एचबीए1सी तपासणी केली, 6.1 आलंय. मित्र म्हणतात आता गोड, भात, सगळं बंद. खरंच का?

उत्तर : दादा, 5.7 ते 6.4 म्हणजे शुगरच्या उंबरठ्यावर, अजून आत गेला नाहीत, आणि इथून मागं फिरता येतं. सगळं बंद करू नका, दिवसाचे चहा मोजा आधी. दुकानात पाच-सहा चहा होत असतील तर प्रत्येकातली साखर निम्मी करा, पंधरा दिवसांत जिभेला सवय होते. दुपारी डबा खाल्ल्यावर लगेच गल्ल्यावर बसू नका, बाजारपेठेत दहा-पंधरा मिनिटं फेरी मारून या, जेवणानंतर चाललं की साखर कमी चढते. शेजारच्या दुकानदाराला बरोबर घेतलंत तर आणखी चांगलं. ही तपासणी साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवते, म्हणून तीन महिन्यांनी परत करा आणि दोन्ही रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना भेटा, गोळीचं त्यांनाच ठरवू द्या.