जखमी धामण घरी आणली आहे, ती आठवडाभर काहीच खात नाही. काय करू?

तुम्ही लिहिलंय की गोरेगाव पूर्वेला तुमच्या सोसायटीत बॅडमिंटनच्या जाळ्यात एक धामण अडकली होती. ती तुम्ही कापून सोडवली आणि घरी आणली. पाठीवर खोल जखम आहे, आठवडा झाला तरी तिने दूध, उकडलेलं अंडं, कोंबडीचे तुकडे यातल्या कशालाही तोंड लावलेलं नाही. आता सिरिंजने भरवू का, असं तुम्ही विचारताय.

नाही, कृपा करून भरवू नका. सापाची श्वासनळी जिभेच्या लगेच मागे, खालच्या जबड्यावर उघडते. माणसाच्या घशात असते तशी ती आत दडलेली नसते. तोंड जबरदस्तीने उघडून पातळ काही ओतलं की ते पोटात जाण्याऐवजी फुप्फुसात जाण्याचीच शक्यता जास्त. त्यातून न्यूमोनिया होतो. त्यात जबडा उघडायच्या खटपटीत बारीक दात तुटतात, हिरड्या सोलल्या जातात, म्हणजे पाठीच्या जखमेत तोंडाच्या जखमेची भर.

मी मुंबईत सर्पमित्र म्हणून काम करतो आणि जखमी साप पशुवैद्यांकडे पोचवणं, नंतर त्यांच्या देखरेखीखाली सांभाळणं यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. जवळजवळ प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो, ‘खात नाहीये हो, काय देऊ?’ पोटच्या लेकराने जेवण टाकलं तर जीव जसा कासावीस होतो तसंच होतं आपलं. पण जखमी सापाचं न खाणं हा आजार नाही. पहिल्या दिवसांत तर ते त्याच्या शरीराचं शहाणपण आहे. त्याला आधी हवी ऊब, पाणी, आडोसा आणि औषध. अन्नाचा नंबर सगळ्यात शेवटी.

साप घास चावत नाही, भक्ष्य अख्खं गिळतो. हाडं, मांस, कातडं सगळं पचवायला त्याच्या शरीराला जबर मेहनत घ्यावी लागते. बर्मी अजगरावर झालेल्या अभ्यासात मोठं भक्ष्य गिळल्यावर दोन-तीन दिवसांत त्याचं हृदय जवळजवळ 40 टक्क्यांनी वाढलेलं आढळलं होतं, केवळ पचनाचा भार पेलण्यासाठी. धामण अजगरासारखी महिना-महिना थांबून खाणारी नाही, पण पचन हे तिच्यासाठीही मोठं काम आहेच. ज्या जिवाच्या पाठीचं कातडं उघडं पडलंय, अंगातलं पाणी कमी झालंय, त्याच्यापाशी त्या कामासाठी ताकद शिल्लक नसते. अशा वेळी पोटात गेलेला उंदीर पचत नाही, सडतो, आणि मग साप तो ओकून टाकतो. ओकण्यात उरलंसुरलं पाणीही जातं. त्यापेक्षा उपाशी राहणं त्याला परवडतं. निरोगी मोठी धामण काही आठवडे सहज उपाशी काढते. एका आठवड्याने ती भुकेने मरणार नाही. पाण्यावाचून आणि जखमेतल्या संसर्गाने मात्र नक्की मरू शकते.

दूध तर आजच बंद करा. नागपंचमीमुळे आपल्या मनात ते घट्ट बसलंय, पण सापाला दूध पचत नाही. पुंगीवाल्याचा नाग दूध पितो, कारण त्याला कित्येक दिवस तहानलेलं ठेवलेलं असतं. उकडलेलं अंडं आणि बोनलेस चिकन हे सापाच्या लेखी अन्नच नाही. जिभेने हवेतले वासाचे कण उचलून टाळूवरच्या जेकबसन अवयवापाशी न्यायचे, असं तो भक्ष्य ओळखतो. धामणीला ओळखीचा वास म्हणजे उंदीर, बेडूक, पाखरू. शिवाय ती घाबरलेली आहे. दर तासाला कुणीतरी झाकण उघडून बघतंय, मुलं वाकून बघतायत, फोटो निघतायत, मग ती कशाला खाईल?

आता मुख्य गोष्ट. ही धामण तुमच्या घरी राहू शकत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानटी साप विनापरवाना घरी ठेवणं गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. पण मी कायद्याच्या धाकाने हे सांगत नाहीये. तुम्ही तिला जाळ्यातून सोडवलंत, याचं मला मनापासून कौतुक आहे. आपल्या शहरात आजही साप दिसला की आधी काठी शोधली जाते. तरीही नायलॉनच्या जाळ्याची जखम वरून दिसते त्याहून वाईट असते, आणि ती घरच्या घरी बरी होत नाही. सापाचे खवले मागच्या दिशेला वळलेले असतात, त्यामुळे जाळ्यात शिरलेल्या सापाला मागे येता येत नाही, तो पुढेच जोर लावत राहतो आणि दोरा खवल्यांखाली रुतत जातो. दोरा निघाला तरी तिथला रक्तपुरवठा तुटलेला असतो. चार-पाच दिवसांनी तो भाग सुजतो, काळा पडतो. आत दोऱ्याचा एखादा तुकडा राहिलाय का, मणक्याला मार आहे का, हे एक्स-रे आणि अनुभवी डोळ्यांशिवाय कळत नाही.

म्हणून आजच 1926 ला फोन करा. ही महाराष्ट्र वनविभागाची ‘हॅलो फॉरेस्ट’ हेल्पलाइन आहे. ‘जखमी साप, जाळ्यात सापडलेला, आठवडाभर माझ्याकडे आहे’ असं सरळ सांगा. किती दिवस झाले ते लपवू नका, पशुवैद्याच्या दृष्टीने तीच सगळ्यात महत्त्वाची माहिती आहे. ते तुमच्या भागातल्या नोंदणीकृत सर्पमित्राला पाठवतील किंवा कुठे न्यायचं ते सांगतील. तुम्हाला बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यानही जवळ आहे, तिथे वन्यप्राण्यांवर उपचार करणारे वनविभागाचे पशुवैद्य आहेत. कोपऱ्यावरच्या कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात नेऊन तिथलंच औषध द्यायला लावू नका. सापाची औषधं, मात्रा, टोचण्याची जागा सगळंच वेगळं असतं. इंजेक्शन शरीराच्या पुढच्या भागात देतात, कारण मागच्या भागातलं रक्त आधी मूत्रपिंडांकडे जातं. सापांना वापरली जाणारी काही प्रतिजैविकं तीन दिवसांतून एकदाच द्यावी लागतात. सवय नसलेला डॉक्टर चांगल्या मनाने रोज देऊन बसतो.

ती धामणच आहे, हे तुम्हाला शेजाऱ्यांनी सांगितलंय. दुसऱ्याच्या सांगण्यावर सापाला हात लावू नका. धामणीचे डोळे मोठे, मान बारीक आणि ओठांच्या खवल्यांवर काळ्या उभ्या रेघा असतात. पण घाईत लोक नागाला धामण म्हणतात, घोणशीला अजगराचं पिल्लू म्हणतात आणि मण्यारीला कवड्या. मुंबईत नाग, घोणस आणि मण्यार हे तिन्ही विषारी साप आहेत, आरेच्या जंगलाच्या कडेला तर विशेष. बंद झाकणाबाहेरून एक स्पष्ट फोटो काढून सर्पमित्राला पाठवा, तो ओळखेल. आणि चावलाच, तर बांधणं, कापणं, चोखणं यातलं काही न करता, चावलेला हात-पाय न हलवता थेट कूपर, केईएम किंवा नायरसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात जा. धामण बिनविषारी आहे, तिच्या चाव्याला साबणाने धुणं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन पुरतं. पण ती धामण असेल तरच.

माणूस येईपर्यंतचे काही तास किंवा एक रात्र तुमच्या हातात आहे. बादली चालणार नाही. घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा घ्या, साप आत ठेवण्याआधीच त्याला बारीक भोकं पाडा, अशी की आतल्या बाजूला धारदार कडा राहणार नाहीत. खाली वर्तमानपत्र घाला. माती, वाळू किंवा लाकडाचा भुसा नको, ते जखमेत जातं. एका बाजूला पुठ्ठ्याचा छोटा खोका उलटा ठेवा, त्याला आत शिरण्यापुरतं भोक पाडा. हा आडोसा फार मोलाचा. लपायला मिळालं की सापाचा धसका उतरतो आणि पुढे खाणंही तिथूनच सुरू होतं. दुसऱ्या बाजूला जड, उथळ वाडग्यात पाणी ठेवा. डब्यावर सुती कापड टाका आणि घरातल्या सगळ्यांना सांगा की उघडायचं नाही. उघड्या जखमेवर माशी बसली की अळ्या होतात, आणि आपल्या दमट हवेत त्याला एक-दोन दिवस पुरतात, म्हणून भोकांवर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा चिकटवा.

तापमानाचं लोकांच्या लक्षातच येत नाही. साप स्वतःची ऊब तयार करत नाही, त्याचं पचन, प्रतिकारशक्ती, जखम भरून येणं, सगळं बाहेरच्या उबेवर चालतं. साधारण 28 ते 31 अंशांत त्याचं शरीर नीट काम करतं. मुंबईच्या हवेत वर्षातले बहुतेक दिवस हे आपोआप मिळतं, पण तुम्ही डबा एसीच्या खोलीत किंवा थंड लादीवर ठेवला असेल तर औषधही लागू पडणार नाही. डबा साध्या खोलीत, लाकडी फळीवर ठेवा. गॅलरीत उन्हात मात्र कधीच नको. बंद प्लास्टिकमध्ये मे महिन्याचं ऊन अर्ध्या तासात सापाचा जीव घेतं. उबेसाठी बल्ब किंवा गरम पाण्याची पिशवी अंगाला टेकवून ठेवू नका, सापाला भाजतंय हे उशिरा कळतं.

जखमेवर हळद, डेटॉल, फिनेल, तेल, राख यातलं काही नको. निर्जंतुक सलाइनने वरची घाण हलक्या हाताने धुता आली तर ठीक, तेही साप शांत असेल आणि ओळख पटलेली असेल तरच. एरवी जखमेला हात न लावलेलाच बरा. दोऱ्याचा तुकडा दिसला तरी ओढू नका. आणि एक लक्षात ठेवा, सापाचा पू वाहत नाही, तो पनीरसारखा घट्ट गोळा होऊन राहतो. त्यामुळे ‘पू दिसत नाही, म्हणजे बरं चाललंय’ हा अंदाज खरा नसतो.

यातलं काही दिसलं तर रात्र काढू नका, लगेच न्या: तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, तोंडाशी बुडबुडे किंवा चिकट लाळ, डोकं विनाकारण वर वळवून धरणं, उताणं केल्यावर सरळ न होणं, शरीराचा मागचा भाग नुसता ओढला जाणं. डोळे खोल गेले असतील, कातडीला सुरकुत्या राहत असतील किंवा पाठीचा कणा वर आलेला दिसत असेल तर पाणी फार कमी झालंय. डोळे निळसर दुधी दिसत असतील तर घाबरू नका, कात टाकायची वेळ आली आहे. त्या दिवसांत धडधाकट सापही खात नाही.

पुढे उपचारात काय होतं तेही सांगतो, म्हणजे धीर धरता येईल. आधी पशुवैद्य शरीरातलं पाणी भरून काढतात, मग जखम साफ करून प्रतिजैविक देतात. दर काही दिवसांनी वजन होतं. वजन दहा टक्क्यांच्या आसपास घटलं की नळीने थेट पोटात पातळ आहार द्यायचा विचार होतो, तोही पाणी भरून झाल्यावरच, आणि नळी पशुवैद्यच घालतात. तोवर वाट बघायची. जखम कोरडी व्हायला लागली की सकाळच्या वेळी, कारण धामण दिवसा वावरणारी, तिच्या जाडीपेक्षा लहान असा एक मेलेला उंदीर आडोशाजवळ ठेवतात आणि सगळे निघून जातात. संध्याकाळपर्यंत नाही खाल्ला तर उचलून टाकतात, चार-पाच दिवसांनी पुन्हा. जिवंत उंदीर कधीच देत नाहीत, अशक्त सापाला तो कुरतडतो. गल्लीतला पकडलेला किंवा मेलेला उंदीर तर अजिबात नको. आपल्याकडे सोसायट्यांतून आणि महापालिकेकडून उंदरांसाठी विष टाकलं जातं, आणि ते विष उंदरासोबत सापाच्या पोटात जातं. पहिल्यांदा खाल्ल्यावर दोन दिवस कुणी तिला हातही लावत नाही.

सापाची जखम सावकाश भरते. दर कातीबरोबर थोडी-थोडी सुधारते, त्यामुळे कधी कधी महिने लागतात. तितके दिवस तुम्हाला ती दिसणार नाही, हे अवघड वाटेल. हवं तर वनविभागाकडे नोंद क्रमांक मागून घ्या आणि अधूनमधून चौकशी करा, त्यात संकोच करायचं काही कारण नाही.

ताब्यात देताना सापडलेली नेमकी जागा लिहून द्या: इमारत, कुंपणाची कुठली बाजू, जवळ नाला आहे की आरेची झाडी. बरी झालेली धामण शक्यतो तिच्याच टापूत सोडायची असते. तिला बिळं, पाणी, भक्ष्य सगळं तिथलं माहीत असतं. अनोळखी जंगलात सोडलेला साप भटकत राहतो आणि बरेचदा टिकत नाही. नुसतं ‘गोरेगाव’ लिहिलंत तर तिला कुठेही सोडलं जाईल. आणि ते जाळं रात्री खेळ संपला की गुंडाळून वर बांधायला सांगा सोसायटीला, निदान जमिनीपासून हातभर वर.