वयातलं अंतर आणि पटणारी गोष्ट : वाचकांचे प्रश्न

नायक-नायिकेच्या वयात मोठं अंतर असलेल्या मालिकांबद्दल या वेळी प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे : सुरुवात पटते, पुढे कुठेतरी बिनसतं. त्यातली काही पत्रं निवडून उत्तरं देत आहोत.

‘तुला पाहते रे’ सुरुवातीला घरातले सगळे मन लावून बघायचो. विक्रांत-ईशाच्या वयातलं अंतर खटकलं नाही. लग्नानंतर मात्र काहीच पटेना. वयाचं अंतर तर तेवढंच होतं. मग बिघडलं काय? – एक वाचक, सांगली

अंतर तेवढंच होतं हे तुम्ही बरोबर पकडलंत. झी मराठीवर ही मालिका १३ ऑगस्ट २०१८ ला सुरू झाली आणि २० जुलै २०१९ ला संपली. चाळिशीतला उद्योगपती विक्रांत सरंजामे, विशीतली मध्यमवर्गीय ईशा निमकर. पहिल्या टप्प्यात प्रेक्षकाच्या मनातला प्रश्न सरळ होता : हिला हा का आवडला आणि आई-वडिलांनी हो का म्हणावं? घरातला विरोध, ईशाचा संकोच, विक्रांतचं अदबीने वागणं हे सगळं त्याच प्रश्नाभोवती फिरत होतं. म्हणून गोष्ट धरून ठेवत होती.

पुढे कळलं की विक्रांतने पहिल्या बायकोचा, राजनंदिनीचा, खून केला आहे आणि ईशा हा तिचाच पुनर्जन्म आहे. मालिका म्हणून हे वळण जोरदार होतं. या कथेचा साचा पुढे कन्नड, तेलुगू आणि हिंदीतही गेला. पण मूळ प्रश्नाचं काय झालं ते बघा. ‘हिला हा का आवडला?’ याचं उत्तर ‘गेल्या जन्मीची ओळख’ असं निघालं, की ईशाने विचार करून, भांडून, घरच्यांना समजावून घेतलेला निर्णय तिचा राहतच नाही. शंभरेक भाग तिने जे कमावलं ते एका आठवड्यात राजनंदिनीच्या खात्यावर जमा झालं. नंतरची ईशा धीट होते, कट रचते, नवऱ्याला कोंडीत पकडते. ही वाढ दिसायला मोठी आहे, पण तिचा उगम आठवणी परत येण्यात आहे. निमकरांच्या मुलीने स्वतः चुका करून काही शिकण्यात तो नाही. उसन्या शहाणपणाला प्रेक्षक टाळ्या वाजवतो, विश्वास ठेवत नाही.

दुसरं, नायक खुनी ठरल्यावर वयाचं अंतर हा विषयच मिटतो. खुन्याशी संसार करू नये हे सांगायला वीस वर्षांचं अंतर लागत नाही.

आमच्या लहानपणी याला जरठ-कुमारी विवाह म्हणत आणि नाटकातून त्याची टिंगल होई. आता त्याचीच प्रेमकथा? – एक आजी, वाई

आजी, तुमचा रोख ‘संगीत शारदा’कडे आहे. गोविंद बल्लाळ देवलांचं ते नाटक १८९९ चं. पण त्यात टोचणारी गोष्ट म्हाताऱ्या नवरदेवाची, भुजंगनाथाची, पंचाहत्तरी एवढीच नाही. शारदेचा बाप पैसे घेऊन मुलगी देतो आणि तिला कोणी विचारत नाही. आजच्या मालिकेला हीच चाचणी लावा. नायिकेच्या वडिलांचं कर्ज नायक फेडतो, भावाला नोकरी लावतो आणि मग लग्नाची मागणी येते असा ट्रॅक, म्हणजे कथेचा धागा, असेल तर नायक कितीही देखणा असो, तो भुजंगनाथाच्याच गल्लीत राहतो. लेखकांना हे कळत नाही असं नाही. उपकाराचा प्रसंग लिहायला सोपा आणि रडायला हमखास असतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा येतो.

मी मालिकालेखनाकडे वळते आहे. नायक ४२ वर्षांचा, नायिका २४ ची असा वन-लाइनर (एका ओळीतली कथा) तयार आहे. पटण्यासाठी नेमकं काय करावं? – एक वाचक, डोंबिवली

आधी वयतक्ता करा, संवाद नंतर. कथा २०२५ मध्ये घडते असं धरू. नायकाचा जन्म १९८३ चा, नायिकेचा २००१ चा. तो १९९९ ला दहावी झाला तेव्हा ती जन्मलीही नव्हती. २६ जुलै २००५ च्या पावसात तो बावीस वर्षांचा, पहिल्या नोकरीवरून रुळांमधून चालत घरी आलेला. ती चार वर्षांची, तिला आठवतं ते आईने ओट्यावर लावलेली मेणबत्ती एवढंच. २०२० च्या टाळेबंदीत तो लोकांचे पगार कापत होता आणि ती मोबाईलवर परीक्षा देत होती. अशा आठ-दहा तारखा लिहिल्यात की दोघं एकाच शहरात राहून दोन वेगळ्या शहरांत कशी वाढली ते दिसतं. प्रसंग इथून येतात. ‘आपल्यात पिढीचं अंतर आहे’ असं कोणत्याही पात्राने म्हणायची गरज पडत नाही.

त्याच तक्त्यात आई-वडील घाला. वडील ५१, आई ४७. म्हणजे जावई सासूपेक्षा फक्त पाच वर्षांनी लहान. आपल्याकडे अशा माणसाला काय म्हणावं हे कळेनासं झालं की माणसं सर्वनामच टाळतात. ‘चहा घेणार का तुम्ही?’ नाही, ‘चहा घेणार का तू?’ही नाही, ‘चहा टाकायचा का?’ सासूबाई पहिले दोन महिने फक्त अशीच वाक्यं बोलतील आणि एक दिवस चुकून ‘अरे’ निघून जाईल. हा प्रसंग फुकट मिळालेला आहे, त्यासाठी खलनायिका लागत नाही. नायिका ‘सर’ म्हणणं कधी सोडते तेही आधी ठरवा, नाहीतर संवादलेखक एका भागात ‘सर’, दुसऱ्यात ‘तू’, तिसऱ्यात परत ‘सर’ लिहून मोकळा होतो.

आता भागांची वाटणी. आठवड्याला सहा भाग धरले तर महिन्याला साधारण २६ आणि जाहिराती वगळून प्रत्येकात वीस-बावीस मिनिटं. पहिला महिना प्रेमाचा शब्द नको. त्या २६ भागांत एक वाद असा हवा की ज्यात ती बरोबर आणि तो चूक आहे आणि हे त्याला तिच्यासमोर मान्य करावं लागतं. चॅनेलकडून इथे दबाव येईल, कारण प्रोमोत पावसातली छत्री आधीच दाखवलेली असते. छत्री द्या, कबुली देऊ नका.

नायक नायिकेला वाचवतो असा प्रसंग पहिल्या शंभर भागांत एकच ठेवा. गुंडांपासून, आगीपासून, नोकरी जाण्यापासून, असं दर पंधरा दिवसांनी वाचवलं की तिच्या मनात साठतं ते ऋण, आणि मालिका त्यालाच प्रेम म्हणून पुढे सरकते. प्रेक्षकाला हे नेमकं सांगता येत नाही. तो ‘बोअर होतंय’ म्हणतो.

तिला तीन निर्णय द्या, जे त्याच्या सल्ल्याविरुद्ध आहेत. पहिला चुकू द्या आणि त्याची किंमत तिलाच भरू द्या. दुसरा बरोबर ठरू द्या. तिसऱ्याचा निकाल लांबवा. एकदा ती त्याला ठाम ‘नाही’ म्हणेल आणि तो ते निमूट पाळेल असेही दोनेक आठवडे हवेत. त्या काळात त्याने तिच्या घराखाली गाडी लावून बसायचं नाही. आपल्याकडे याला तळमळ समजतात. २४ वर्षांच्या मुलीच्या दृष्टीने ती पाळत असते.

त्याचं काय बदलतं हेही ठरवा. अशा कथांत मोठ्या वयाचं पात्र बहुधा तयार होऊनच येतं : पैसा, संयम, शेरोशायरी. वाढायचं ते तिनेच. मग तो नवरा न राहता मास्तर होतो. ४२ व्या वर्षी माणसाच्या काही गोष्टी घट्ट झालेल्या असतात. घरातली प्रत्येक वस्तू कुठे ठेवायची, हा विषय कधी बंद करायचा, मित्रांपुढे कुणाची थट्टा चालते. यातली एक मोडा आणि ती मोडताना त्याचा चिडचिडेपणा दाखवा.

इतकं करूनही वाढ पुसली जाते, त्याचं कारण कारखान्यात आहे. बऱ्याच मालिकांत कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे असतात. टीआरपी आठवड्याला येतो आणि आधी चित्रित करून ठेवलेल्या भागांचा साठा जेमतेम काही दिवसांचा असतो. आकडा घसरला की चॅनेलच्या क्रिएटिव्ह विभागाकडून नवा ट्रॅक येतो आणि जूनमध्ये ‘नाही’ म्हणायला शिकलेली नायिका ऑगस्टमध्ये परत दाराआडून ऐकते आणि रडते. उपाय एकच : बदल असा करा की तो सेटवर दिसेल. तिने नोकरी सोडली, खोली भाड्याने घेतली, दागिना मोडून फी भरली. मनातला बदल नवा लेखक विसरतो. भाड्याची खोली विसरता येत नाही, कारण ती कला दिग्दर्शकाने उभी केलेली असते.

नायिका १८-१९ ची दाखवली तर चॅनेल अडवतं का? – एक वाचक, नागपूर

१८ पूर्ण असेल तर कायद्याची अडचण नाही, पण जितकं वय खाली तितका पुढचा प्रत्येक प्रसंग अवघड. १८ च्या खाली तर विचारच नको. २०१७ मध्ये सोनीवर ‘पहरेदार पिया की’ आली होती. त्यात लहान मुलगा आणि तरुणी यांचं लग्न होतं. तक्रारी झाल्या, वेळ रात्री उशिराची करावी लागली, बालविवाहाचं समर्थन नाही अशी सूचना पट्टी चालवायची वेळ आली आणि ऑगस्टमध्ये मालिका बंद झाली. तिथे हेतू प्रेमकथेचा नाही, संरक्षणाचा आहे असा बचाव होता. प्रेक्षकाने लग्नाचा मंडप बघितला, हेतू नाही.

नायक बॉस आणि नायिका त्याच्याच ऑफिसात. परदेशात राहणाऱ्या माझ्या मुलीला हे बघवत नाही. – एक वाचक, पुणे

त्यासाठी परदेशात जायला नको. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा आपला कायदा २०१३ चा आहे. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री हवी, निम्म्या सदस्य तरी स्त्रिया हव्यात आणि एक सदस्य बाहेरचा. दोघांच्या राजीखुशीचं नातं हा त्या कायद्याखालचा गुन्हा नाही, पण तिची पगारवाढ तोच ठरवत असेल तर ‘राजीखुशी’ सिद्ध कशी होणार? मालिकांतल्या शंभर मजली कंपन्यांत ही समिती कधी दिसत नाही. खरं तर लेखकाच्या हातात आयताच ट्रॅक आहे : तिच्या बढतीवर सहकारी शंका घेतात, ती स्वतः दुसऱ्या विभागात बदली मागते, तो नाराज होतो. दोन आठवडे सहज निघतील आणि तिचा स्वाभिमान भाषण न देता दिसेल.

बाई मोठी आणि पुरुष लहान असं कोणी नीट केलंय का? – एक वाचक, मडगाव

‘सीक्रेट लव्ह अफेअर’ ही २०१४ ची कोरियन मालिका बघा, जेटीबीसी वाहिनीवरची, १६ भागांची. ओह हे-वॉन चाळीस वर्षांची, एका बड्या कला प्रतिष्ठानची अधिकारी, श्रीमंत मालकांची कामं निस्तरणारी. ली सन-जे वीस वर्षांचा, कुरियर पोहोचवणारा, अफाट पियानो वाजवणारा. सुरुवातीलाच दोघं शुबर्टची एफ मायनरमधली फँटसी एकाच पियानोवर बसून चार हातांनी वाजवतात. स्पर्श जवळजवळ नाही. एकाने श्वास घेतला की दुसऱ्याने सूर उचलायचा. ती कोण, तो कोण, वय किती, हे त्या मिनिटांपुरतं गळून पडतं. त्या दोघांनाही याची भीती वाटते हे त्यांच्या चेहऱ्यावर वाचता येतं.

पटण्याचं खरं कारण पुढे आहे. मालिका तिला माफ करत नाही. मालकांच्या गैरव्यवहारात तिचाही हात आहे आणि शेवटी ती कबुली देऊन तुरुंगात जाते. तो तिला वाचवत नाही, त्याच्याकडे तशी ताकदच नाही. त्याच्या साध्या घरात बसल्यावर तिला स्वतःचं आयुष्य दिसतं, एवढंच त्याचं काम. आपल्याकडे हे कठीण जातं याला तिथे सोळाच भाग होते हेही कारण आहे. शेवट आधी लिहून ठेवता येतो.

लीप घेऊन, म्हणजे कथा एकदम काही वर्षं पुढे नेऊन, अंतर कमी वाटतं का? – एक वाचक, जळगाव

नाही. सात वर्षांचा लीप घेतला की तीही सातने वाढते आणि तोही. कमी होतो तो नवखेपणा, पण शिकण्याची ती सात वर्षं प्रेक्षकाने पाहिलेलीच नसतात.

चाळिशीचा नायक चाळिशीचा दिसतच नाही. मेकअपचा दोष? – एक वाचक, कोल्हापूर

निवडीचा आधी. ‘तुला पाहते रे’ सुरू झाली तेव्हा १९७५ चा जन्म असलेले सुबोध भावे स्वतः बेचाळिशीत होते आणि गायत्री दातारची ती पहिलीच मालिका होती. ते अंतर चेहऱ्यावर आपोआप उतरलं. तिशीतल्या नटाच्या कानशिलावर पांढरा रंग फासला की कॅमेऱ्याला तो रंगच दिसतो.

त्यापेक्षा सवयी द्या. चाळिशी ओलांडली की जवळचं अंधुक होतं. नायक हॉटेलात मेनूकार्ड हात लांब करून वाचेल, एक नंबरचा चष्मा खिशात असून काढणार नाही. खाली बसलेला उठताना हात टेकेल. केसांना रंग लावत असेल तर केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे तीन आठवड्यांत भांगाशी पांढरं दिसू लागतं. हे ठेवायचं ठरवलं तर कंटिन्युइटीच्या (प्रसंगाप्रसंगातला मेळ नोंदवायच्या) वहीत तारीख घाला, कारण प्रसंग लोकेशनप्रमाणे उलटसुलट चित्रित होतात आणि साखरपुड्यात पांढरा भांग, त्याच संध्याकाळच्या घरच्या प्रसंगात काळाभोर असं हमखास होतं.