दुसऱ्या दुर्बिणीआधी

तुमचे पत्र थोडक्यात असे आहे: लग्नाला पाच वर्षे झाली, मूल नाही, पत्नीच्या नळ्यांची तपासणी झाली, एकदा दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली, दोन्हींत दोष सापडला नाही. आता नव्या डॉक्टरांकडे दुसरी दुर्बीण ठरली आहे, पत्नी घाबरून नाही म्हणते आणि तुमची आई रोज विचारते. आपण पत्नीला कधी एका शब्दाने दुखावले नाही, असे सांगून तिची समजूत कशी काढावी, हे तुम्ही विचारता.

तिच्या कष्टांचे कौतुक करताना तुम्ही सहज लिहून गेला आहात की, चाकणच्या शेडमधून वेल्डिंग करून आल्यावर नाक शिंकरले की रुमाल काळा होतो आणि तो तिला रोज वेगळा भिजत घालावा लागतो. एवढ्या लांब पत्रात तिचे सगळे अहवाल तारखांसह आहेत आणि तुमचा एकही नाही, याचा मला मनापासून राग आला.

रुमालावर दिसते ते नाकाने अडवलेले. वेल्डिंगच्या धुरात लोखंड, मँगनीज आणि स्टेनलेस स्टीलचे काम असेल तर क्रोमियम, निकेल यांचे असंख्य कण 100 नॅनोमीटरहूनही लहान असतात. ते फुप्फुसांच्या अगदी टोकापर्यंत पोहोचतात आणि त्यांतला काही अंश रक्तात उतरू शकतो. टायटॅनियम डायऑक्साइड आणि चांदीचे इतके सूक्ष्म कण उंदरांना दिले, तेव्हा अनेक प्रयोगांत शुक्राणूंची संख्या आणि हालचाल घटलेली आढळली. डेन्मार्कमध्ये 1990 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वेल्डरांच्या वीर्याची प्रत इतरांपेक्षा खालावलेली दिसली होती, अर्थात त्यात कामाच्या उष्णतेचाही वाटा असू शकतो. माणसांबाबतचा पुरावा प्राण्यांइतका भक्कम नाही, म्हणून दोष तुमच्यातच आहे असे मी म्हणत नाही. परंतु वंध्यत्वाच्या तपासणीची सुरुवात दोघांपासून व्हायला हवी होती, आणि तुमच्या तपासणीत ना भूल लागते ना टाका.

तेव्हा तिची समजूत काढणे सोडा. दुसरी दुर्बीण लांबणीवर टाका आणि दोन ते सात दिवस संबंध टाळून याच आठवड्यात वीर्यतपासणी करा. किती वर्षे, कोणत्या धातूवर आणि किती बंदिस्त जागेत वेल्डिंग करता, हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी त्यांना सांगा. तोंडाला बांधलेला रुमाल हा धूर अडवत नाही, त्यामुळे धुरासाठीचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा गाळणीचा मास्क आणि धूर ओढून घेणारी व्यवस्था मालकाकडे आजच मागा. शुक्राणू तयार व्हायला साधारण 74 दिवस लागतात. अहवालात शुक्राणू कमी आढळले, तर उपचारांबरोबर या बदलांचा परिणाम तीन महिन्यांनी पुन्हा तपासता येईल.

आणि आईंना हे तुम्ही स्वतः सांगा. तो निरोप पत्नीकडून पाठवू नका.